पानांच्या आधी कव्हर

डिस्कबाईंना बाइंडरकाका किती ओळखत होते, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर द्यायचं म्हणजे, फारसं नाही. एकच दुकान, मधे प्लायवूडचं पार्टिशन, त्याला वरच्या अंगाला काच. एका बाजूला काका पुस्तकं बांधत बसायचे, दुसऱ्या बाजूला बाई बिघडलेल्या हार्ड डिस्क दुरुस्त करत. वर्षानुवर्षं असं चाललं होतं. एवढ्या सहवासात माणूस आतून-बाहेरून कळायला हवा. पण बाई गेल्यावर त्यांची थोरली बहीण सामान आवरायला आली आणि हातातलं काम थांबवून म्हणाली, "काका, तिचा सगळा दिवस तुमच्यासमोर जायचा. आम्हाला ती सुट्टीला भेटणार, तेवढंच. कामावर कशी होती हो? सांगा ना काहीतरी." तेव्हा काकांना आठवलं ते एवढंच, की बाई बिनसाखरेचा चहा प्यायच्या पण त्यात गोड बिस्कीट बुडवायच्या, पेन्सिल केसांत खोचून तीच पेन्सिल दुकानभर शोधायच्या, आणि पंख्याचा वारा त्यांना सोसत नसे.

बहिणीनं ऐकून घेतलं. "हं, तशीच होती ती," म्हणाली आणि पुन्हा खोक्यात वायरी भरायला लागली. काका ओशाळले. पुढे बरेच दिवस आठवून आठवून जे हाताला लागलं, ते सगळं भावाच्या पुस्तकाभोवतीचं होतं. म्हणजे सांगण्यासारखं असलं तर तेच.

बाई दुकानात आल्या ते काकांचं काम ओसरल्यावर. कचेऱ्यांची जाडजूड रजिस्टरं बांधायला यायची बंद झाली, पुस्तकं दाबायचा शिकंजा आणि कटर एका अंगाला सरकवले तरी भागायला लागलं, अर्धी जागा रिकामी पडली. तिथे बाईंनी टेबल मांडलं. त्याआधी त्या कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होत्या म्हणे. ते काम का सोडलं, हे काकांनी विचारलं नाही. दुसऱ्याच्या आयुष्यात नाक कशाला खुपसा, हा त्यांचा स्वभाव. तो चांगला की वाईट, हे काकांना आता सांगता येत नाही.

डिस्कबाई हे नाव लोकांनी ठेवलं. पहिल्यांदा बाईंच्या कपाळाला आठी पडली. मग त्या स्वतःच फोन उचलून "डिस्कबाई बोलतेय" म्हणायला लागल्या.

गिऱ्हाइकानं डिस्क आणली की बाई काचेवर टकटक करून हात पुढे करायच्या. काकांची लाकडी फूटपट्टी हवी असायची. चालू डिस्कवर पट्टीचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. आतली तबकडी नीट फिरतेय की अडखळतेय, हे त्यांना त्यावरून समजायचं. ऐकून झालं की पट्टी परत. स्वतःची पट्टी त्यांनी कधी आणली नाही, आणि काकांनाही ते कधी खटकलं नाही.

बाईंचा एक नियम होता. मूळ डिस्कला दुरुस्तीचा हात लावायचा नाही. आधी तिच्यावरचं सगळं, चांगलं-वाईट जसंच्या तसं, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. मूळ डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवायची आणि मग जी काय चिरफाड करायची ती कॉपीवर. कॉपीला वेळ लागायचा. लोक वैतागायचे.

समोरचा छापखानेवाला तर हात धुऊन मागे लागायचा. "बाई, तुमच्याकडे डिस्क दिली की ती म्हातारी होऊन घरी येते."

"म्हातारी होऊन येते, पण येते ना?"

"अहो, मी नेटवर बघितलंय. एक कमांड द्यायची. डिस्क चेक होते आणि दुरुस्त होते. तुम्ही नुसती कॉपी काय काढत बसता?"

"होते की दुरुस्त. कुणाची होते, ते विचारा."

"म्हणजे?"

"डिस्कची होते. तुमच्या फायलींची होईलच, असं नाही."

छापखानेवाला मान हलवत गेला, की बाई काचेकडे बघून म्हणायच्या, "काका, तुम्हाला तरी पटतंय का?" काकांना पटायचं, कारण बाईंनी ते एकदा त्यांच्याच भाषेत समजावलं होतं. डिस्क म्हणजे पोत्यात भरलेली सुटी पानं. कुठलं पान कुठल्या पुस्तकाचं आणि कितवं, हे एका वेगळ्या कागदावर लिहिलेलं असतं. त्या सगळ्या व्यवस्थेला फाइल सिस्टीम म्हणायचं. लिहिता लिहिता वीज गेली की तो कागद अर्धवट राहतो, मग कॉम्प्युटर गोंधळतो. अशा वेळी डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवला तर तो काय करतो? कागद आणि पानं यांचा मेळ घालतो. जे पान कागदावर कुठेच नाही, त्याला नाव काढून नुसता नंबर देतो आणि एका कोपऱ्यात टाकतो. दोन पुस्तकं एकाच पानावर हक्क सांगत असली तर आपल्या मनानं भांडण मिटवतो. मधे मधे विचारतो, हे काढू का, ते तोडू का. सारखं उत्तर देण्याचा कंटाळा येतो म्हणून सगळ्याला परस्पर हो म्हणायचीही सोय असते.

"वाईट नाही हो तो," बाई म्हणाल्या होत्या. "सरळमार्गी आहे बिचारा. त्याला मेळ बसल्याशी मतलब. पानावर काय लिहिलंय, ते तो वाचत नाही."

काकांना त्यातलं तेवढं छान कळलं. पानं न वाचता पुस्तकं बांधण्यात त्यांचाही जन्म गेला होता.

आता दादांविषयी. दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. बंदरावरच्या दोरखंडाच्या गोदामात त्यांनी सगळी नोकरी केली. तुटलेला दोर सांधणं, ओझं उचलायचे फास करणं, जाळी विणणं. हातात दोरी नसली तर दादांना बोलताही यायचं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी मनावर घेतलं की आपल्याला येणाऱ्या सगळ्या गाठींचं पुस्तक करायचं. एका बोटानं टाईप करायला शिकले, माउसनं चित्रं काढायला शिकले. एकेक चित्र काढायला आठवडा. प्रत्येक चित्राखाली गाठ कुणाकडून शिकलो, किती भार धरते, कधी दगा देते, शिकवणाऱ्या माणसाला काय सवय होती, असं सगळं लिहीत.

"गाठ मारणं सोपं," दादा म्हणायचे. "तिचं चित्र या माउसच्या शेपटीनं काढून दाखवा म्हणावं."

वहिनी म्हणायच्या, "दोन वर्षं झाली भावजी, हे माझ्याशी बोलतात ते पण गाठीबद्दलच."

मग दादांचे डोळे जायला लागले. नजरेच्या मधोमध डाग, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, हा डाग वाढत जाणार, त्याला उपाय नाही. तेव्हापासून दादांना घाई झाली. "धाकट्या, बांधणी तूच करायची. पानाची कड दिसते तोवर हातात दे म्हणजे झालं." काकांनी जगाची पुस्तकं बांधली होती, घरातलं एकही नाही. त्यांना रात्रंदिवस तेवढंच दिसायला लागलं, की दादांची नजर आहे तोवर पुस्तक त्यांच्या हातात पडलं पाहिजे.

पुस्तक संपत आलं आणि एका संध्याकाळी वीज गेली, आली, परत गेली. त्यानंतर दादांचा कॉम्प्युटर काही सुरू होईना. काकांनी तो कापडी पिशवीत घालून दुकानात आणला. बाईंनी डिस्क काढली, पट्टी मागून घेतली, कानाला लावली. नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिल्या.

"टिकटिक करतेय," त्या म्हणाल्या. "फाइल सिस्टीम तर गेलीच आहे, पण डिस्क पण थकलीय."

"होईल?"

"आधी कॉपी. मग बघू."

कॉपी सुरू झाली. डिस्क जरा वाचायची, अडायची, पुन्हा वाचायची. बाई तिला मधेच विश्रांती द्यायच्या, गार करायच्या, परत लावायच्या. दिवसामागून दिवस गेले. काकांना विचारायचं धाडस होईना. विचारलं की मागे लागल्यासारखं दिसणार. ते नुसते घसा खाकरायचे. बाई न विचारताच सांगायच्या, "चाललंय काका." दुपारी दादांचा फोन यायचा. काका पाठ फिरवून हळू आवाजात बोलायचे, "नाही रे, अजून नाही. तुझं कसंय? आज किती दिसलं? बरं, बरं." काचेपलीकडे सगळं ऐकू जात होतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आणि मग काकांनी ते कव्हर केलं.

कुठलाही बाइंडर असं करत नाही. आधी पानं, मग शिवण, मग कव्हर. पानं शिवून, दाबून झाल्याशिवाय पुस्तकाची पाठ किती जाड होणार ते कळत नाही. नव्यानं शिकायला आलेल्यालाही पहिल्या दिवशी हेच सांगतात. पण नुसतं बसून हात शिवशिवत होते. काकांनी दादांना अंदाजे पानं विचारली, तेवढे कोरे कागद शिकंज्यात दाबून जाडी मोजली, पुठ्ठे कापले, दादांच्या आवडीचं गडद निळं कापड चढवलं आणि चांगलं जाड पाठीचं कव्हर तयार करून फळीवर उभं ठेवलं, वाळायला. फळी काचेला लागून होती. काकांच्या बाजूनं ते नुसतं एक कव्हर होतं. बाईंच्या बाजूनं ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोळ्यांसमोर आ वासून उभं होतं, आत एक पान नाही असं. काकांच्या मनात तगादा लावायचं नव्हतं. पण न बोलता याहून मोठा तगादा लावता आला नसता.

एक दिवस काका कागदवाल्याकडून परत आले तर बाई खुर्चीत नव्हत्या. पार्टिशनला टेकून उभ्या होत्या.

"काका, जरा आत येता?"

काका आत गेले. बाईंनी सांगितलं ते असं. कॉपी एकाच जागी अडून बसली होती, पुढे सरकत नव्हती, आणि उतरलं होतं त्यात दादांचं काहीच नव्हतं. डिस्कचा आवाज वाढत चालला होता. ही आता कधीही बंद पडणार, कॉपी पुरी होईपर्यंत टिकत नाही, असं वाटलं. म्हणून कॉपी थांबवून त्यांनी डिस्क चेक थेट मूळ डिस्कवर चालवलं, सगळ्याला हो म्हणून. ते सुरळीत पार पडलं. शेवटी पडद्यावर आलं की डिस्कमध्ये आता काही दोष नाही. उघडून बघितलं तर दादांचा फोल्डर जागेवर होता आणि रिकामा होता. सगळे तुकडे कोपऱ्यातल्या एका फोल्डरमध्ये जाऊन पडले होते. नाव एकालाही नाही, नुसते नंबर. ते बाईंनी कसेबसे दुसरीकडे काढून घेतले, आणि डिस्क थांबली ती थांबलीच.

"मूळ डिस्कला हात लावला मी," बाई म्हणाल्या. "कधी लावत नाही. तुम्हाला माहीत आहे."

बाईंचा चेहरा उतरलेला होता. काकांना एवढंच वाटलं, की आता आपल्या तोंडून वाकडा शब्द जायला नको. ते म्हणाले, "बरं."

आणि मग, "जेवलात का?"

"नाही."

"जेवून घ्या."

मग ते आपल्या बाजूला आले. फळीवरचं ते निळं कव्हर बाईंना टोचत असेल, असं त्यांना तेव्हा कुठे सुचलं. त्यांनी ते गुपचूप उचललं आणि कपाटात ठेवून दार लावलं. बाई काचेतून बघत होत्या. त्यांना ते कसं दिसलं असेल, हा विचार काकांना त्या दिवशी शिवलाही नाही.

दादांना सांगायला बाई स्वतः गेल्या. काका बरोबर होते, पण सगळं बोलल्या त्या बाईच. दादा ऐकत होते. हातात दोरीचा तुकडा होता.

"म्हणजे गाठी आहेत, नावं गेली?"

"बरीचशी चित्रं आहेत. लिखाणाचे तुकडे आहेत, काही तर वाचताच येत नाहीत. कुठलं कशाचं, ते कळत नाही. माझ्या घाईनं झालं, दादा."

"अहो, आमच्या घरी माणसं येतात त्यांचीही नावं मला आठवत नाहीत. तरी चहा देतोच."

"चहा मी देते," वहिनी आतून म्हणाल्या.

तेव्हापासून दर रविवारी बाई दादांकडे जायला लागल्या. चित्रं छापून घ्यायच्या, पण दादांना चित्र दिसत नव्हतं. म्हणून बाई चित्र समोर धरून वर्णन करायच्या आणि दादा त्याबरहुकूम दोरी वळवायचे. बोटांना गाठ कळली की नाव आपोआप तोंडात यायचं.

"एक टोक वरून गेलंय. मग स्वतःच्याच खालून येतंय."

"उजवीकडून की डावीकडून?"

"तुमच्या डावीकडून. मग त्या फासात जातंय. थांबा, दोनदा."

"दोनदा? मग ही सासूगाठ." दादांनी ताणून दाखवली. "ओढाल तितकी आवळते."

"असं पुस्तकात लिहिलं होतं तुम्ही?" वहिनींनी विचारलं. "बरं झालं गेलं ते."

बाई हसल्या. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. दुकानात त्या कधी असं हसल्याचं काकांना आठवेना. काका कोपऱ्यात बसून नावं लावलेली पानं क्रमानं रचत होते. त्यांच्या मनात आलं, आता सगळं ठीक झालं. बोलण्यासारखं काही उरलं नाही.

चित्रांना नावं मिळत गेली. लिखाण मात्र परत येईना. दादा पुन्हा सांगायचे, बाई टाईप करायच्या, पण एकदा लिहून टाकलेलं दादांच्या डोक्यातून उतरलं होतं. ज्यानं ही गाठ शिकवली तो बोलताना अडखळायचा का? की तो दुसरा? "लिहिलं होतं मी ते," दादा म्हणायचे, आणि बाईंची बोटं थांबायची.

एका रविवारी एक चित्र असं निघालं, की दादांना ओळखताच येईना. बाईंनी दोनदा, तीनदा सांगितलं. दादा गाठ मारत, सोडत, परत मारत.

"ही माझी नाही."

"तुमच्याच डिस्कवर होती, दादा."

"माझी नाही ही. अशी गाठ मी कुठे बघितलेली नाही." मग आवाज बदलून, "की विसरलो म्हणायचं मी?"

बाईंनी चित्र खिडकीशी नेलं, तिरकं धरून बघितलं. पुष्कळ वेळानं म्हणाल्या, "तुम्ही विसरला नाहीत. ही गाठच नाही. वरचं अर्धं एका चित्राचं आहे, खालचं अर्धं दुसऱ्याचं. त्या प्रोग्रामनं मेळ घालताना दोन्ही एकत्र जोडलीत."

दादांना हायसं वाटलेलं दिसलं. तरीही त्यांनी ती गाठ पुन्हा मारली, मन लावून. "दिसायला झकास आहे की हो. बसतेय पण छान." वहिनींकडे एक टोक दिलं. "ओढ जरा." वहिनींनी ओढलं. गाठ गुळगुळीत सरकली आणि दोरी सरळ झाली.

"भार धरत नाही," दादा म्हणाले.

बाईंनी चित्राची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. कशाला, ते काकांनी विचारलं नाही.

पुस्तक पुरं झालं तेव्हा ठरवलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी भरलं. काकांनी पानं शिवली. शिवणीच्या टोकाची गाठ दादांनीच कधीकाळी त्यांना शिकवली होती. पानांचा गठ्ठा त्या निळ्या कव्हरात ठेवून बघायची गरजच नव्हती. बापाच्या सदऱ्यात पोर, तसं दिसलं असतं. त्यांनी उरलेल्या निळ्या कापडाचं नवं, पातळ कव्हर केलं, तेही घरी बसून, बाईंना दोन्ही शेजारी दिसू नयेत म्हणून. पण त्याच आठवड्यात बाई पट्टी मागायला आल्या, काका गिऱ्हाइकाशी बोलत होते म्हणून स्वतःच कपाट उघडलं, आणि पुढ्यातच ते जुनं कव्हर. बाईंनी त्याच्या जाड पाठीवरून बोट फिरवलं. कपाट लावलं. पट्टी न घेताच गेल्या. काकांनी ते बघितलं. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. पण गिऱ्हाईक समोर उभं होतं, आणि नंतर ती वेळ गेली.

दादांच्या हातात पुस्तक पडलं तोवर पानाची कडही दिसेनाशी झाली होती. त्यांनी ते चाचपलं, पाठ दाबून बघितली.

"पातळ झालं रे."

"हो."

"बरंय. पोटावर ठेवून झोपता येईल." मग मान वाकडी करून, नजरेच्या कडेनं धडपडत बघत, "निळं आहे ना?"

"निळंच आहे."

"बाई नाही आल्या?"

"काम आहे म्हणाल्या." काकांना ते खरंच वाटलं होतं. चला, पाच मिनिटं तरी चला, असा आग्रह करणं त्यांच्याच्यानं झालं नव्हतं.

त्यानंतर बाई बदलल्या, असं आता मागे बघताना वाटतं. एक सोडून दोन कॉपी काढायला लागल्या. तपासणीचा प्रोग्राम चालवायच्या आधी गिऱ्हाइकाला काय काय जाऊ शकतं ते इतक्या वेळा सांगायच्या, की माणूस घाबरून डिस्क परत न्यायचा. छापखानेवाला म्हणाला, "आता तर तुमच्याकडे डिस्ककडे नुसतं बघायलाही परवानगी लागते." पूर्वी बाईंनी त्याला लगेच टोला दिला असता. आता नुसत्या "हो" म्हणाल्या.

काकांच्या मनात एक वाक्य तयार होतं. छापील कागदांच्या फर्म्यांना घड्या घालताना ते मनातल्या मनात घोळवायचे. "बाई, ते कव्हर मी आधी करायला नको होतं." एवढंच. त्यात अवघड काही नव्हतं. पण म्हणायला जावं तर वाटायचं, जुनी खपली कशाला काढा. त्या विसरल्या असतील. आपण आठवण करून द्यायचो, आणि त्यांना वाटायचं की अजून हे धरून बसलेत.

बाई गेल्या त्या एका रविवारी सकाळी, घरीच, चहाचा कप टेबलावर तसाच ठेवून. सोमवारी दुकान उघडायला आल्या नाहीत. दुपारी फोन आला.

सामान आवरायला आलेली बहीण खोकं बांधून उठली तेव्हा म्हणाली, "एक सांगू का काका? रागावू नका. ती नेहमी म्हणायची, काकांच्या भावाचं पुस्तक माझ्यामुळे गेलं. काका मनातून दुखावलेत, पण बोलून दाखवत नाहीत. फार मोठ्या मनाचा माणूस आहे. कव्हर उचलून कपाटात ठेवलं तेव्हाच कळलं म्हणायची."

काका शिकंज्याला धरून उभे होते. "नाही हो," ते म्हणाले. "तसं नव्हतं." पुढचं सांगायला गेले तर ते वाक्य, इतके दिवस तयार असलेलं, चुकीच्या माणसासमोर आलं होतं. बहिणीनं टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि विचारलं, "ही पट्टी तुमची की तिची?"

पट्टीचं एक टोक झिजून गुळगुळीत झालेलं होतं.

"न्या तुम्ही," काका म्हणाले.

ते वाक्य बोलायचं, असं काकांनी शेवटच्या शनिवारी खरोखर ठरवलं होतं. त्या दिवशी दोघांचंही काम लवकर आटपलं. बाहेर अजून उजेड होता. बाईंनी स्विच बंद केले, पर्स खांद्याला लावली, केसांतली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. काका काचेजवळ उभे राहिले. घसा खाकरला. बाई वळल्या.

"काय, काका?"

काकांनी तोंड उघडलं, आणि बाईंची नजर त्यांच्या मागे, टेबलावरच्या चिकटवायच्या खळीच्या भांड्याकडे गेली.

"खळ झाकलीत का? काल मुंग्या झाल्या होत्या."

"झाकतो."

"आठवणीनं झाका. येते मग."

"या."